पाठीवर घडा, कपाळावर पट्टा

मेक्सिकोच्या पश्चिमेकडील कोलिमा प्रांतातल्या जुन्या थडग्यांमध्ये लाल, तुकतुकीत मातीचे पोकळ पुतळे सापडतात. साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० या काळातले. कुत्रे आणि योद्धे यांची त्यात गर्दी आहे, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ओझेवाला. पाठीवर घडा, घड्याला बांधलेला पट्टा कपाळावरून घेतलेला, अंग पुढे झुकलेलं आणि दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरलेला.

हे झुकणं कारागिराने मनाने घातलेलं नाही. पाठीवर ओझं आलं की शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि तो पुन्हा पावलांवर आणायचा तर कमरेतून पुढे वाकावंच लागतं. कपाळपट्ट्यामुळे भार खांद्यांऐवजी डोक्यावरून मानेत आणि कण्यात उतरतो. नेपाळचे भारवाहक आजही अशाच पट्ट्याने ओझी नेतात. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होतं आणि ते वाहायला लागणारी ऊर्जा अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती.

मेक्सिकोत चाक माहीत नव्हतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. व्हेराक्रूझ भागात चाकं लावलेली मातीची लहान जनावरं मिळाली आहेत. नव्हते ते घोडे आणि बैल. गाडी ओढणारं जनावरच नाही आणि वाटा डोंगराळ, मग मका, मीठ, मडकी, सगळंच माणसाच्या पाठीवरून जायचं. पुढे अ‍ॅझटेक काळात हा ‘त्लामेमे’ म्हणजे हमालांचा पेशाच होता. त्यांचं ओझं सुमारे २३ किलो असल्याचं स्पॅनिश सैनिक बर्नाल दियाझने लिहून ठेवलं आहे.

पुतळा घडवणंही कष्टाचंच. कुंभाराचं चाक नव्हतं, म्हणून सगळं काम हातानेच व्हायचं. वरून लाल मातीचा पातळ लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं आणि मग भाजायचं. कोलिमाच्या अनेक पुतळ्यांना पन्हळीसारखं तोंड असतं, म्हणजे ती भांडीही आहेत. काहींवर काळे ठिपके दिसतात. जमिनीतलं मँगनीज शतकानुशतकं साचून ते पडलेले असतात आणि पुतळा खरा की बनावट हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो.

ही थडगी म्हणजे जमिनीत उभी खणलेली विहिरीसारखी वाट आणि तिच्या तळाशी खोल्या. बहुतेक थडगी चोरांनी उकरली. पुतळे संग्रहांत पोचले, पण कोणत्या सांगाड्याशेजारी कोणता पुतळा होता, ही माहिती कायमची गेली. मला ही हानी पुतळा फुटण्याहून मोठी वाटते. तो रोजच्या जगण्याचं चित्रण आहे की विधीचा भाग, हा अभ्यासकांमधला जुना वाद त्याच माहितीवर अडतो.

म्हणूनच शेजारच्या हालिस्को प्रांतातल्या हुइत्झिलापा या ठिकाणाचं महत्त्व. १९९३ साली तिथे सुमारे साडेसात मीटर खोल, कोणाचाही हात न लागलेलं थडगं सापडलं. दोन खोल्यांत सहा माणसं होती. त्यांच्या हाडांतल्या जन्मजात व्यंगावरून ती बहुधा एकाच घराण्यातली असावीत. सर्वांत श्रीमंत दफन सुमारे ४५ वर्षांच्या पुरुषाचं होतं आणि त्याच्याभोवती जेड व समुद्री शंख मांडलेले होते. हुइत्झिलापा समुद्रकिनाऱ्यावर नाही. ते शंख तिथवर माणसांनीच वाहून आणले होते.