एमआयपी कार्ट्रिज 'सगळंच धरतंय' वाटतंय? फोन करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून एमआयपी (मॉलेक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर, म्हणजे हव्या त्या रेणूचे, टार्गेटचे, साचे असलेलं पॉलिमर) भरलेलं कार्ट्रिज, म्हणजे सॅम्पल ओतून टार्गेट धरायची छोटी नळी, नेलं की काही दिवसांत ठरलेला फोन येतो, "अहो हे सिलेक्टिव्ह नाहीये, टार्गेटसोबत बाकीचा कचरा पण धरतंय." बहुतेक वेळा पॉलिमर चांगलं असतं, गडबड वॉशच्या (नको ते सॉल्व्हंटने धुऊन काढण्याच्या) आधी झालेली असते.

पॉलिमर बनताना टेम्प्लेटभोवती (ज्याचा साचा हवा तो रेणू) मेथाक्रिलिक ॲसिडसारखा मोनोमर (पॉलिमरची सुटी कडी) हायड्रोजन बाँडने जमतो, मग क्रॉसलिंकर (कड्या एकमेकींना जोडणारा रेणू) ते सगळं जागच्या जागी पक्कं करतो (टेम्प्लेट, मोनोमर, क्रॉसलिंकर यांचं आपलं नेहमीचं १:४:२० प्रमाण), आणि हे होतं ॲसिटोनायट्राइल किंवा टोल्युइनमध्ये. नंतर टेम्प्लेट धुऊन काढलं की त्याचा साचा उरतो. तुम्ही ओतता पाण्यातलं सॅम्पल. पाणी स्वतःच हायड्रोजन बाँडच्या जागा अडवून बसतं, आणि पॉलिमरचं अंग तेलकट स्वभावाचं असल्यामुळे पाण्याला नको असलेलं जे काही असेल ते त्याला चिकटतं, निवड न करणाऱ्या साध्या सी-१८ कार्ट्रिजसारखंच. म्हणजे लोडिंगला (सॅम्पल ओतताना) सगळं धरलं जाणं हा दोष नाही, ते तसंच होणार.

निवड होते ती वॉशमध्ये. आणि तिथेच घाई होते. सॅम्पल गेल्यावर कार्ट्रिज व्हॅक्यूमवर पूर्ण सुकवायचं, दोन मिनिटं हवा ओढली आणि झालं असं नाही, पावडर मोकळी दिसेपर्यंत. मगच थोडं ॲसिटोनायट्राइल किंवा डायक्लोरोमिथेन, हळू. तेव्हा वरवर चिकटलेलं सुटून जातं आणि टार्गेट साच्यात जाऊन बसतं. पाणी राहिलं असेल तर डायक्लोरोमिथेन त्यात मिसळतच नाही, पावडरपर्यंत नीट पोचत नाही, आणि दिवसभराचं काम वाया. शेवटी ॲसिटिक ॲसिड घातलेल्या मिथेनॉलने टार्गेट काढायचं.

संशोधक क्लाउस मोस्बाख यांच्या गटाने १९९३ साली फक्त एका मिथाइलचा फरक असलेले थिओफिलिन (दम्याचं औषध) आणि कॅफिन एमआयपीने वेगळे ओळखून दाखवले ना, तिथेही बाइंडिंग सेंद्रिय सॉल्व्हंटमध्येच केलेलं होतं, थेट सीरममध्ये नाही.

दुसरा प्रश्न, "एनआयपीचं कार्ट्रिज का देता, आम्ही तर मागितलं नव्हतं." एनआयपी म्हणजे नॉन-इम्प्रिंटेड पॉलिमर: तीच रेसिपी, फक्त टेम्प्लेट नाही. ते आम्ही प्रत्येक बॅचसोबत देतोच आणि देत राहणार, कारण त्याच्याशिवाय साचा काम करतोय की नुसता चिकटपणा, हे तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही. दोन्हीत रिकव्हरी (शेवटी परत मिळालेलं टार्गेट) भरपूर आणि सारखीच आली तर वॉश कमी पडतोय, दोन्हीत जवळपास शून्य आली तर वॉश जास्त कडक आहे. एवढ्यावरच अर्धं निदान होतं.

ट्रेस लेव्हलचं (अगदी सूक्ष्म प्रमाण मोजायचं) काम असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. टेम्प्लेट कितीही धुतलं तरी थोडं आत अडकून राहतं आणि नंतर झिरपतं, मग ब्लँकमध्येच (टार्गेट नसलेल्या सॅम्पलमध्येच) टार्गेटचं पीक, म्हणजे आलेखावर टोक. अशा वेळी आम्ही जुळा वाटेल असा दुसरा रेणू टेम्प्लेट म्हणून घेतो, जसं क्लेनब्युटेरॉल या औषधासाठी ब्रोमब्युटेरॉल, म्हणजे तो झिरपला तरी क्रोमॅटोग्रामवर (रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखावर) वेगळा दिसतो. याला आमचा वेळ जास्त लागतो, पण नंतरची डोकेदुखी वाचते.

सुकवूनही जमत नसेल तर एमआयपी आणि एनआयपी दोन्हीचे क्रोमॅटोग्राम, वॉशचं सॉल्व्हंट आणि किती मिली वापरलं तेवढं पाठवा. आमचं कार्ट्रिज असेल तर वॉश आम्हीच बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.