लवचिकता, शारीरिक

लवचिकता, शारीरिक : एखादा सांधा इजा न होता जितक्या कोनातून फिरू शकतो, तो त्याच्या हालचालीचा आवाका. या आवाक्यालाच शरीरशास्त्रात लवचिकता म्हणतात. ‘लवणे’ म्हणजे वाकणे, म्हणून लवचीक माणूस म्हटले की गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरणारा माणूस नजरेसमोर येतो. पण लवचिकता सबंध शरीराचा एकच गुण नव्हे. ज्याचे खांदे मोकळे आहेत त्याचे घोटे ताठ असू शकतात. सांध्याचा आवाका अक्रिय आणि सक्रिय असा दोन प्रकारे पाहतात. दुसऱ्याने उचलून धरलेला पाय जितका वर जातो, तितका तो स्वतःच्या स्नायूंच्या बळावर बहुधा जात नाही. रोजच्या हालचालींत उपयोगी पडतो तो मुख्यतः सक्रिय आवाका. चाचण्या मात्र बहुतेक अक्रिय आवाक्याच्याच असतात.

सांधा नेमका कशाने अडतो, यावर जुने आणि बहुउद्धृत काम जॉन्स व राइट यांचे (१९६२). मांजराच्या मनगटावरील या प्रयोगात एकूण ताठरपणापैकी ४७ टक्के वाटा सांध्याच्या आवरणाचा, ४१ टक्के स्नायूंचा, १० टक्के कंडरांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचा) आणि २ टक्के त्वचेचा आढळला. हे प्रमाण माणसाच्या प्रत्येक सांध्याला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. खुब्यात तर हाडांचा आकारच मर्यादा घालतो आणि ती ताण देऊन हटत नाही.

ताण देण्याच्या व्यायामाने आवाका वाढतो, हे निर्विवाद आहे. तो का वाढतो, यावर मतभेद आहेत. स्नायू लांब होतो, ही पारंपरिक समजूत. तिला आधार प्राण्यांवरील प्रयोगांचा : १९७० च्या दशकाच्या आरंभी मांजराच्या पोटरीतील स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला असता त्यातील एकामागोमाग एक जोडलेल्या सार्कोमिअरांची (स्नायूतंतूतील आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली, तर ताणलेल्या स्थितीत ती जवळपास २० टक्क्यांनी वाढली. पण चार आठवडे अखंड प्लास्टर आणि दिवसातून काही मिनिटांचा ताण यांची तुलना करता येत नाही. वेपलर व मॅग्नुसन यांनी २०१० मध्ये उपलब्ध पुरावा तपासून वेगळे मत मांडले : तीन ते आठ आठवड्यांच्या सरावानंतरचा फरक मुख्यतः संवेदनेतला असतो. ठरावीक कोनात स्नायूचा विरोध पूर्वीइतकाच राहतो. बदलते ती ताण सोसण्याची तयारी. अल्पकालीन सरावापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. दीर्घ काळ व अधिक जोराने ताण दिल्यास ऊतींतही बदल होत असावेत.

मापनासाठी कोनमापक वापरतात. बसून पुढे वाकण्याची प्रसिद्ध चाचणी वेल्स व डिलन यांनी १९५२ मध्ये मांडली. ती मांडीमागच्या स्नायूंचा अंदाज बऱ्यापैकी देते, कंबरेचा फारसा देत नाही. शिवाय हातापायांच्या लांबीचाही तिच्यावर परिणाम होतो. तेवढ्यावरून कोणाला ‘कडक अंगाचा’ ठरवणे अन्यायाचे आहे.

लवचिकता जितकी अधिक तितकी चांगली, असेही नाही. सांधे प्रमाणाबाहेर सैल आहेत का, हे ठरवण्यासाठी बेइटन गुणांकन (ठरावीक सांधे किती वाकतात यावरून ९ पैकी गुण) वापरतात. एहलर्स-डॅनलॉस या संयोजी ऊतींच्या (शरीराचे भाग एकत्र बांधून ठेवणाऱ्या ऊतींच्या) विकारसमूहात असा सैलपणा वारंवार दिसतो आणि सांधे निखळणे हा त्याचा त्रासदायक परिणाम होय.

लवचिकता हा तंदुरुस्तीचा प्रमुख घटक मानणे सोडून द्यावे, असे संशोधक जेम्स नुझो यांनी २०२० मध्ये सुचवले. पूर्ण आवाक्यातून केलेल्या वजनाच्या व्यायामानेही आवाका जवळजवळ ताणाच्या व्यायामाइतकाच वाढतो, असे २०२१ मधील एका एकत्रित विश्लेषणात आढळले. सांधे आखडलेल्या रुग्णांबाबत २०१७ चा कॉक्रेन आढावा (उपचारांवरील संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा) अधिक रोखठोक आहे : सात महिन्यांहून कमी काळ दिलेल्या ताणाने त्यांच्या सांध्यांच्या हालचालीत उपचाराच्या दृष्टीने लक्षणीय सुधारणा होत नाही.