लिंकर जोडलेले औषध पाठवण्याआधी त्याची क्रिया तपासा

औषधाचा रेणू पेशीतल्या नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटतो, ते आम्ही शोधून देतो. "यादीत इतकी प्रथिने कशी? यातले खरे कोणते?" हा प्रश्न अहवालानंतर वारंवार येतो. बहुतेक वेळा अडचण नमुन्यातच असते.

पुल-डाउनची पद्धत तुम्हाला माहीत आहेच: रेणूला लिंकर, म्हणजे मण्यांशी सांधणारी रासायनिक साखळी, जोडून तो मण्यांवर बसवायचा, त्यावरून पेशींचा अर्क सोडायचा आणि जे अडकते ते मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या यंत्रावर) ओळखायचे. थॅलिडोमाइड या औषधाचे लक्ष्य, सेरेब्लॉन हे प्रथिन, २०१० साली अशाच मण्यांवर सापडले. पण लिंकर जोडला की रेणू पूर्वीचा राहत नाही. प्रथिनाच्या खोबणीत शिरणाऱ्या बाजूलाच जोडणी झाली असेल, तर खरे लक्ष्य मण्यांना धरतच नाही. मग हाती लागतात ॲक्टिन, ट्युब्युलिन, हीट शॉक प्रथिने, म्हणजे मुबलक असणारी आणि कुठल्याही मण्यांना चिकटणारी मंडळी.

म्हणून मूळ औषध आणि लिंकर जोडलेला रेणू यांची पेशींवर एकाच वेळी, पण वेगवेगळी चाचणी करा आणि ते आकडे सोबत पाठवा. क्रिया थोडी घटली तर चालते. पूर्ण गेली असेल तर जोडणीची जागा बदलावीच लागते. आकड्यांशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, पण यंत्रावर वाया जाणारा वेळ आणि पैसा तुमचाच असतो. मूळ औषधही जास्तीचे द्या. ते अर्कात आधी मिसळल्यावर जे प्रथिन मण्यांवर येईनासे होते, त्यावरच आम्ही भरवसा ठेवतो. रचनेने जवळचा पण निष्क्रिय रेणू मिळाला, तर फारच उत्तम.

बंध कमकुवत असेल तर डायझिरिन हा प्रकाशाने सक्रिय होणारा गट लावून अतिनील प्रकाशात रेणू प्रथिनाला पक्का जोडता येतो. अट तीच: बदललेल्या रेणूची क्रिया आधी तपासा.

"मग लिंकर नकोच, सेट्सा करा," असेही ग्राहक म्हणतात. सेट्सा म्हणजे उष्णतेत प्रथिन किती टिकते ते पाहणारी चाचणी. २०१३ साली पुढे आलेली ही पद्धत चांगली आहे: औषध चिकटलेले प्रथिन बहुधा जास्त तापमानापर्यंत टिकते. पण काही प्रथिनांत फरक दिसतच नाही. शिवाय जिवंत पेशीत दिसणारा फरक औषधाच्या पुढच्या परिणामांमुळेही पडू शकतो. त्यामुळे आम्ही तो प्रयोग पेशी आणि अर्क, दोन्हींत करतो आणि शक्य तिथे पुल-डाउनशी ताडून पाहतो.

लिंकर अजून जोडला नसेल तर उत्तमच. कोणता गट बदलल्यावर क्रिया टिकली, याचा तक्ता पाठवा. जागा आम्ही सुचवू आणि हवे असल्यास रेणूही बनवून देऊ. गोपनीयतेचा करार त्याआधीच होईल. नमुना शक्यतो कोरडा पाठवा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर कुपीवर तीव्रता लिहा.