मामाची मुलगी आणि आजीचे जनुक

सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून पुरती मोडलेली नाही. अशा लग्नांतून बहिरेपणा किंवा थॅलेसेमियाचा धोका संभवतो, हे आता अनेकांना ठाऊक असते. कोलेस्टेरॉलचे नाव मात्र या संदर्भात फारसे निघत नाही, कारण वाढलेले कोलेस्टेरॉल हा चाळिशीनंतरचा आणि खाण्यापिण्याचा आजार, असे आपण धरून चालतो. पण तो आनुवंशिकही असू शकतो.

रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मुख्यतः यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींद्वारे (ते पकडणाऱ्या प्रथिनांद्वारे, म्हणजे रिसेप्टरद्वारे) आत ओढून घेतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उलगडलेल्या या यंत्रणेला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत सदोष असलेली माणसे साधारण २५० ते ३०० मध्ये १ आढळतात. दोन्ही प्रती सदोष असलेले मूल सुमारे ३ लाखांत १. आता आजीकडे एक सदोष प्रत आहे असे धरू. ती मुलीच्या मुलात उतरण्याची शक्यता ४ मध्ये १, आणि मामाच्या मुलीत उतरण्याचीही तितकीच. त्या दोघांचे लग्न झाले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता ६४ मध्ये १ इतकी वाढते.

अशा मुलाचे एलडीएल जन्मापासूनच चढलेले असते आणि बहुधा दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाते, मग ते भाकरी-कोरड्यास खाणारे सडपातळ पोर का असेना. कोपर, गुडघे, नितंब आणि बोटांच्या बेचक्यात पिवळसर गाठी येतात. त्या सहसा दुखत नसल्याने चामखीळ समजून मलमावर वर्षे जातात. टाचेमागची धोंडशीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जाड होते, बुबुळाभोवती पांढुरकी कड दिसू लागते. खरे नुकसान आत चाललेले असते: महाधमनीचे मूळ आणि तिथली झडप कठीण होते, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे अरुंद होतात आणि उपचार न झाल्यास विशीच्या आतही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या ग्राहींची संख्या वाढवून काम करतात. ग्राहीच निकामी असतील तिथे त्यांचा प्रभाव तोकडा पडतो. मग यंत्राद्वारे रक्तातून एलडीएल गाळून काढावे लागते किंवा क्वचित यकृत बदलावे लागते. ग्राहींवर न विसंबणारे एव्हिनाक्युमॅब हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले, पण ते अतिशय महाग आहे.

निदानाची सुरुवात मात्र तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होणाऱ्या लिपिड प्रोफाइलने, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या चाचणीने, करता येते. मुलात विकार आढळला, की आईवडील, भावंडे आणि मामाचे घर यांचेही रक्त तपासायला हवे, कारण एकच प्रत सदोष असलेल्यांना स्टॅटिन चांगले लागू पडते.