विदर्भातील शिळावर्तुळे : पार्श्वभूमी

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आढळतात. सहज पाहणाऱ्याला ती मोडकी कुंपणे वाटावीत. प्रत्यक्षात ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, म्हणजे लोहयुगातील दफनस्थळे आहेत. मृताचे अवशेष आणि त्याच्या वस्तू ठेवल्यावर वर्तुळाचा आतला भाग माती, मुरूम आणि गोट्यांनी भरून उंचवटा केला जाई.

१८६७ मध्ये जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने येथे उत्खनन केले. काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांची तुलना त्याने ब्रिटनमधील तशाच खळग्यांशी केली. त्या काळी ते स्वाभाविक होते, मात्र त्यामुळे या दगडांचे नाते दूरदेशी शोधले गेले आणि ते ज्यांनी ओढून आणले त्या माणसांची वस्ती कोठे होती, हा प्रश्न मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे खणली. पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण १९६८-६९ मध्ये खापा येथील वर्तुळांबरोबरच जवळच्या टाकळघाटची वस्तीही खणण्यात आली आणि कबरी व घरे प्रथमच शेजारी ठेवून पाहता आली. नागपूरजवळच्या माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले. त्यांच्यासाठी लोखंडी लगाम होते, तांब्याच्या पत्र्याची शिरोभूषणेही होती. घोड्याला इतक्या मानाने निरोप देणारा समाज त्याच्यावर किती विसंबून असेल, हे त्या पातळ पत्र्यांवरून जाणवते.

कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर अशा लोखंडी वस्तू तर बहुतेक ठिकाणी मिळाल्या. त्या इथेच घडत की बाहेरून येत, याचा उलगडा कबरीतून होणे कठीण होते. १९७८-८० मध्ये देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे वस्तीचा भाग खणला, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी, भात्याची हवा आत नेणारी मातीची नळी आणि धातुमळी, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा मळ, असे तिघांचेही अवशेष हाती आले. वर्तुळाभोवतीची शेतजमीन वर्तुळाइतकीच जपायला हवी ती याचसाठी. नायकुंडची ही भट्टी कोणत्याही शिळावर्तुळाच्या आत नव्हती.