द पॉवरपफ गर्ल्स : १९९८ आणि २०१६ च्या आवृत्त्या

द पॉवरपफ गर्ल्स : कार्टून नेटवर्क या अमेरिकन वाहिनीची अ‍ॅनिमेशन मालिका. ब्लॉसम, बबल्स आणि बटरकप या तीन चिमुरड्या बहिणी टाउन्सव्हिल नावाच्या काल्पनिक शहराचे राक्षसांपासून आणि गुंडांपासून रक्षण करतात, एवढेच तिचे सूत्र. क्रेग मॅक्रॅकन यांची मूळ मालिका १८ नोव्हेंबर १९९८ रोजी सुरू झाली आणि सहा पर्वे होऊन मार्च २००५ मध्ये संपली. निक जेनिंग्ज आणि बॉब बॉयल यांनी केलेली नवी आवृत्ती ४ एप्रिल २०१६ रोजी आली व तीन पर्वांनंतर जून २०१९ मध्ये थांबली. पात्रे तीच, शहर तेच, बरेचसे खलनायकही तेच. तरी पहिली मालिका ही मुली नायिका असलेली मारधाडीची विनोदी मालिका आहे आणि दुसरी खास मुलींसाठी म्हणून काढलेली मालिका आहे. पुण्यातल्या घरांत दोन्ही दिसल्या. रुजली मात्र पहिलीच.

मॅक्रॅकन यांनी १९९१ मध्ये भावाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रासाठी मोठ्या डोळ्यांच्या तीन मुली काढल्या. कॅलआर्ट्स या कलासंस्थेत शिकत असताना १९९२ मध्ये त्यांनी याच मुलींवर छोटा विद्यार्थीपट केला. त्याच्या नावात एक असभ्य शब्द होता. लहान मुलांच्या वाहिनीवर तो चालणे शक्य नव्हते, म्हणून नाव बदलले. १९९५ मध्ये नमुनाभाग दाखवला गेला आणि तीन वर्षांनी मालिका उभी राहिली. जन्मकथा दर भागाच्या आरंभी निवेदक सांगतो : प्रोफेसर युटोनियम यांना आदर्श छोटी मुलगी घडवायची असते, म्हणून ते साखर, मसाला आणि जे जे गोड ते सारे एकत्र करतात, चुकून त्यात केमिकल एक्स पडते. ‘मुली कशाच्या बनतात’ हे सांगणारे जुने इंग्रजी बडबडगीत यामागे आहे. गाण्यातली मुलगी गोड आणि निरुपद्रवी. मालिका तीच कृती प्रामाणिकपणे पाळते आणि एका सांडलेल्या थेंबाने ती उलटवून टाकते. हे रसायन सांडते ते प्रयोगशाळेतल्या जोजो नावाच्या माकडामुळे. तेच माकड पुढे मोजो जोजो हा मुख्य खलनायक होते. म्हणजे मुलींच्या शक्तीचे थोडे श्रेय त्यालाही द्यावे लागते आणि हे त्याला सहन होत नाही.

दोन्ही आवृत्त्यांतला फरक आधी डोळ्यांना जाणवतो. मूळ मालिकेतील मुलींना नाक नाही, कान नाहीत, बोटे नाहीत. भले मोठे डोके, त्याच्या निम्मे व्यापणारे डोळे आणि भोवती जाड काळी रेघ. १९५० च्या दशकातील अमेरिकन व्यंगपटांची सपाट भौमितिक शैली आणि जपानी अ‍ॅनिमेचा वेग यांची ही सांगड आहे. बटरकपचा ठोसा बसतो तेव्हा पडदा क्षणभर एकाच रंगाने भरतो, चित्र गोठते आणि मग इमारत कोसळते. मारामारी खरी वाटावी म्हणून राक्षसांचे दात पडतात, मुलींचेही डोळे काळेनिळे होतात. २०१६ च्या आवृत्तीत रेघ बारीक झाली, रंग उजळले आणि दणका गेला. चित्रे स्वच्छ आहेत, पण वजन कुठेच नाही. ठोसा मारणारी मुलगी कापसाची आणि खाणाराही कापसाचा.

वय बदलणे ही वरवर किरकोळ दुरुस्ती; प्रत्यक्षात तिने बरेच बिघडवले. १९९८ च्या मुली बालवाडीत आहेत. मिस कीन त्यांच्या बाई. लाल दूरध्वनी वाजला की मुली खडू खाली ठेवून खिडकीतून उडून जातात, शहर वाचवतात आणि खाऊच्या सुट्टीपर्यंत परत येतात. पाच वर्षांच्या मुलीला अंधाराची भीती वाटते, अंथरूण ओले होते, तिच्या खेळण्यातल्या ऑक्टोपसला कुणी हात लावलेला खपत नाही. आणि तीच मुलगी भुयारी रेल्वेचा डबा उचलून फेकते. सगळा विनोद या दोन टोकांतून येतो. नव्या आवृत्तीत मुली प्राथमिक शाळेत गेल्या. त्यांना मैत्रिणी, अभ्यास, मोबाइल आणि इंटरनेटवरच्या गमतीजमती मिळाल्या. घर आणि शाळा यांतल्या अडचणी मुख्य झाल्या, राक्षस तोंडी लावण्यापुरते उरले. या धाटणीचे बालविनोद दुसऱ्या कुठल्याही मालिकेत चालले असते. शिवाय इंटरनेटवरचा विनोद लवकर शिळा होतो. २०१६ चे काही भाग आजच १९९८ च्या भागांहून जुने वाटतात.

मिस सारा बेलम या पात्राबद्दल सर्वांत जास्त वाद झाला. मूळ मालिकेतील महापौर अगदी बावळट : लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडेना म्हणूनही त्यांनी मुलींना बोलवावे. शहराचा कारभार प्रत्यक्षात त्यांच्या मदतनीस बेलमबाई हाकतात. त्यांचा चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही; दिसते ती लाल केसांची बट आणि घट्ट पोशाखातली ठसठशीत देहाकृती. नव्या आवृत्तीने हे पात्र काढून टाकले. आज मुलींना जो संदेश द्यायचा त्यात ते बसत नाही, असे जेनिंग्ज यांचे म्हणणे होते. आक्षेप निराधार नव्हता. बाईचे तोंड न दाखवता शरीर दाखवायचे, हा विनोद मोठ्या माणसांच्या मापाचा होता. पण कॅमेरा थोडा वर उचलला असता तरी भागले असते. अख्ख्या शहरात डोके ठिकाणावर असलेली एकमेव अधिकारी बाई होती आणि सुधारणेच्या नावाने नेमकी तिलाच घरी बसवले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

स्त्री-पुरुष समतेचा विषय मूळ मालिकेला वर्ज्य होता असे नाही. ‘इक्वल फाइट्स’ या भागातली फेम फटाल ही चोरटी फक्त सुझन बी. अँथनी या स्त्री-मताधिकारासाठी लढलेल्या अमेरिकन कार्यकर्तीची मुद्रा असलेली डॉलरची नाणी चोरते. पकडली गेल्यावर ती मुलींना पटवते की बायकांनी बायकांना सांभाळून घ्यायला हवे. बायकांच्या वाट्याला सुपरहिरो तरी किती आल्या? मुलींना पटते. त्या शाळेतल्या मुलांना धमकावू लागतात, प्रोफेसरांवर डाफरतात. शेवटी बेलमबाई आणि मिस कीन त्यांना विचारतात, की तुम्हाला त्रास नेमका दिला कुणी? मग मुली चोरटीला अँथनींची गोष्ट ऐकवतात : १८७२ मध्ये मतदान केले म्हणून अटक झाली तेव्हा बाई म्हणून सवलत नको, पुरुषाला होईल तीच शिक्षा मला द्या, असा त्यांचा आग्रह होता. अँथनी यांना प्रत्यक्षात १०० डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही. पुण्याच्या मुलीला अँथनी ठाऊक नसतात. तिच्या पाठ्यपुस्तकात भिडेवाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा आणि सावित्रीबाईंवर फेकलेले शेणगोटे असतात. तरीही या भागातला युक्तिवाद तिला कळतो, कारण तो कथेतल्या भांडणातून पुढे येतो. नव्या आवृत्तीत असे विषय अधिक वेळा आले, पण पात्रे ते एकमेकींना समजावून सांगतात आणि प्रेक्षक वर्गात बसल्यासारखा बसून राहतो.

खलनायकांचे तसेच झाले. मोजो जोजोची बोलण्याची लकब जपानी मालिकांच्या जुन्या इंग्रजी डबिंगवरून घेतलेली आहे. मराठीत ती साधारण अशी होईल : ‘मी जिंकणार, म्हणजे तुम्ही हरणार, कारण जो जिंकतो तो हरत नाही आणि जो हरतो तो जिंकत नाही, आणि मी हरणारा नाही, म्हणून मी जिंकणारा आहे!’ लाल कातडीचा, खेकड्यासारख्या नांग्यांचा ‘हिम’ (इंग्रजीतला ‘तो’) मात्र खरोखर अंगावर काटा आणतो. त्याचे खरे नाव उच्चारायचीही कुणाची छाती होत नाही. नव्या आवृत्तीत मोजो शेजारच्या कटकट्या काकांसारखा झाला. रॉजर जॅक्सन यांनीच दोन्हीकडे त्याला आवाज दिला, निवेदक टॉम केनीही तेच राहिले. मुलींचे आवाज मात्र तिन्ही बदलले. कॅथी कॅव्हदिनी, तारा स्ट्राँग आणि ई. जी. डेली यांच्या जागी अमांडा लेटन, क्रिस्टन ली आणि नॅटली पालामिडिस आल्या. आपल्याला विचारलेही नाही, अशी व्यथा स्ट्राँग यांनी जाहीरपणे मांडली. पुण्यात हा वाद पोचण्याचे कारण नव्हते; इथे बहुतेक मुलांनी या मुलींना हिंदीतच बोलताना ऐकले होते.

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले. २००० च्या आसपास पेठांतल्या वाड्यांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत केबलची वायर पोचली होती. सकाळच्या अधिवेशनाची शाळा सुटली की जेवणाचे ताट टीव्हीसमोर यायचे आणि ‘आधी जेव, मग बघ’ हा संवाद घरोघर चालायचा. मुलींच्या खेळातही मालिका शिरली. गुलाबी ब्लॉसम, निळी बबल्स आणि हिरवी बटरकप अशा तीनच जागा. चौघी जमल्या तर चौथीला मोजो जोजो व्हावे लागे, आणि आवडीने होणारीही एखादी असेच. हिरवी कोण यावरून भांडणे होत. बटरकप चिडते, मारते, आंघोळीला नाही म्हणते, आणि तरी नायिकाच असते. हे तेव्हा पडद्यावर इतरत्र दिसत नव्हते. पुढे आलेल्या ‘छोटा भीम’मधली चुटकी लाडू पुरवते आणि ‘डोरेमॉन’मधली शिझुका बहुधा कुणाच्या तरी स्वप्नातली बायको म्हणून वावरते, हे ध्यानात घेतले तर फरक कळेल. मुलगेही ही मालिका चवीने पाहत. फक्त शाळेत कबूल करत नसत.

२०१६ ची आवृत्ती आली तेव्हा ‘छोटा भीम’ आणि ‘मोटू पतलू’ यांनी संध्याकाळ व्यापली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले आणि टीव्हीसमोरची मुले हळूहळू मोबाइलकडे वळली. त्यामुळे नवी मालिका इथे फारशी न चालण्याचे सगळे खापर तिच्या गुणवत्तेवर फोडता येणार नाही. पुण्यात तिच्यावर बोलले ते प्रामुख्याने जुने प्रेक्षक, जे तोवर नोकरीला लागले होते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या रसास्वाद वर्गांमुळे या शहराला सिनेमाची चिरफाड करायची जुनी सवय आहे. कार्टून तिच्यातून सुटेल कसे?

सप्टेंबर २०१७ मध्ये नव्या आवृत्तीने ब्लिस ही सावळी चौथी बहीण आणली. प्रोफेसरांनी या तिघींच्याही आधी घडवलेली, शक्ती आवरता न येणारी मुलगी, ही कल्पना चांगली होती. मागे राहिलेल्या बहिणीच्या रागाला आणि एकटेपणाला कथेत भरपूर वाव होता. पण तिला नीट वाढवलेच नाही. पाच भागांच्या गाजावाजानंतर ती बाजूला पडली. चौथीसाठी जागा करायची, तर तिला कामही द्यायला हवे होते.

या दोहोंखेरीज तिसरी आवृत्तीही आहे. तोएई अ‍ॅनिमेशनने २००६-०७ मध्ये जपानी प्रेक्षकांसाठी ‘पॉवरपफ गर्ल्स झेड’ ही ५२ भागांची मालिका काढली. तीत मुली किशोरवयीन असून एकमेकींच्या बहिणी नाहीत. प्रत्यक्ष नटांची मालिका काढण्याचा अमेरिकेतील प्रयत्न २०२३ मध्ये सोडून देण्यात आला. त्याआधी जुलै २०२२ मध्ये मॅक्रॅकन स्वतः नव्या मालिकेवर काम करणार असल्याचे जाहीर झाले होते.