गुडघ्याच्या बिलात न दिसणारा ठोकळा

‘गुडघ्याची वाटी बदलली’ असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात वाटी बऱ्याचदा आहे तशीच ठेवतात. बदलतात ती मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची आणि नडगीच्या हाडाच्या माथ्याची झिजलेली पृष्ठं. वरच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियमची चकचकीत टोपी बसते, खालच्यावर टायटॅनियम मिश्रधातूची किंवा कोबाल्ट-क्रोमियमची तबकडी, आणि दोघींच्या मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट. ऑगस्ट २०१७मध्ये एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ही कमाल किंमत ठरली. एवढे पैसे मोजताना नातेवाईक धातू कोणता, कंपनी कोणती हे विचारणारच. पण हा सांधा हाडावर नेमका कुठे आणि किती कलून बसणार, हे ज्याच्यावर ठरतं तो स्टीलचा ठोकळा बिलात कुठेच नसतो. त्याचं नाव कटिंग ब्लॉक.

मांडीच्या हाडाला टोपी बसवण्यासाठी पाच सपाट काप घ्यावे लागतात: टोकाचा, पुढचा, मागचा आणि दोन तिरके. टोकाचा काप साधारण ९ मिलिमीटरचा असतो, कारण टोपीची तिथली जाडीही जवळपास तेवढीच असते. जेवढं काढलं तेवढंच परत ठेवायचं, हे सगळ्या हिशेबाचं मूळ. नडगीवर एकच काप, पण तो जास्त जोखमीचा. नडगीचा काप चुकला तर दोन हाडांमधल्या, पाय सरळ असतानाची आणि वाकलेला असतानाची, अशा दोन्ही जागा बिघडतात. मांडीच्या हाडाचा टोकाचा काप चुकला तर फक्त सरळ पायातली जागा बिघडते, मागचा चुकला तर फक्त वाकलेल्या पायातली. म्हणून सरळ पायात सांधा आवळलेला आणि वाकवल्यावर ठीक असेल, तर जाड-पातळ इन्सर्ट बदलून भागत नाही, टोकाचा काप वाढवावा लागतो.

आता ठोकळ्याकडे जरा जवळून पाहू. त्यात एक अरुंद खाच असते आणि तिच्यातून करवतीचं पातं आत जातं. समजा पातं १.२७ मिलिमीटर जाड आहे, खाच १.४० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल आहे. मधली ०.१३ मिलिमीटरची ढिलाई, वर्कशॉपच्या भाषेत ‘प्ले’, लागतेच. नाहीतर पातं अडकतं आणि तापतं. या ढिलाईत पातं सुमारे ०.४ अंश कलू शकतं. पण घाईत कुणी त्याच खाचेत १ मिलिमीटरचं पातं घातलं, तर तोच कल १ अंशाच्या पुढे जातो. संपूर्ण पायाच्या रेषेत ३ अंशांपर्यंतचा फरक चालतो, असा जुना दंडक आहे. त्यातला तिसरा हिस्सा एका पात्याने खाल्ला, आणि अजून हाडाला हातही लागलेला नाही! म्हणून कोणतं पातं वापरायचं, हे ठोकळ्यावरच लेझरने कोरून ठेवणं ही शोभेची गोष्ट नाही.

खाचेच्या बाहेर पडल्यावर पातं निराधार असतं. निराधार लांबी दुप्पट झाली की त्याच जोराखाली वाकणं आठपट होतं. आपल्याकडे बरेच रुग्ण येतात ते गुडघे बाहेरच्या बाजूला झुकलेले, पायांची कमान झालेले. त्यांच्या नडगीची आतली बाजू वर्षानुवर्षं भार सोसून दगडासारखी टणक झालेली असते आणि बाहेरची मऊ राहिलेली असते. टणक भाग आला की पातं त्यात शिरण्याऐवजी वरून घसरतं आणि तिथे उंचवटा उरतो. ७५ मिलिमीटर रुंदीच्या माथ्यावर १ मिलिमीटर उंचवटा म्हणजे पाऊण अंशाचा कल. त्यामुळे ठोकळ्याचा पुढचा चेहरा हाडाच्या गोलाईला चिकटेल असा घडवावा लागतो, म्हणजे निराधार लांबी कमी होते. पाण्याची धारही हवी: ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तर हाडाच्या पेशी मरू लागतात. रोबोटिक यंत्रणेने जागा दाखवली, तरी तिथेही करवत वापरली तर पात्याचा हा स्वभाव बदलत नाही.

ठोकळा हाडाला धरून ठेवतात त्या सुमारे ३.२ मिलिमीटरच्या पिना. दोन पिना समांतर असतात. त्या समांतर असल्यामुळेच ठोकळा त्यांच्यावरून काढून शेजारच्या भोकांत, म्हणजे २ मिलिमीटर वर किंवा खाली, बसवता येतो आणि काप वाढवता येतो. पण समांतर पिनांवरून करवतीच्या थरथरीने ठोकळा पुढे सरकतोही. यावर उपाय म्हणजे तिरकी तिसरी पिन. ती आधी न काढता ठोकळा ओढला तर मऊ हाड फाटतं, म्हणून तिचं भोक वेगळ्या खुणेने दाखवावं लागतं.

मांडीच्या हाडात दिशा धरायला पोकळीत सळई घालतात आणि तिच्याशी काटकोनापासून ५ ते ७ अंश कलता टोकाचा काप घेतात. ही सळई गोल आणि गुळगुळीत केली तर ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी आतली मज्जा दाबते. तिच्यातली चरबी रक्तात शिरून फुप्फुसांपर्यंत जाऊ शकते. म्हणून सळईवर लांबीभर पन्हळी असतात आणि भोक सळईपेक्षा मोठं पाडतात. रेखाचित्रात ही पन्हळ नुसत्या नक्षीसारखी दिसते.

सांध्याच्या भागांतलं सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे पॉलिएथिलीन. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि झिजेच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना इजा केली. १९६२मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन वापरायला सुरुवात केली, आणि गुडघ्यातही आज तेच आहे. पुढची चूक निर्जंतुकीकरणात झाली. हवेच्या संपर्कात गॅमा किरण दिले की रेणूंच्या साखळ्या तुटतात, तुटलेली टोकं ऑक्सिजन पकडतात, आणि खोक्यात पडून राहिलेला इन्सर्ट न वापरताच ठिसूळ होत जातो. पृष्ठभागाखाली १-२ मिलिमीटरवर पांढरा पट्टा तयार होतो आणि चालताना तिथूनच पापुद्रे सुटतात. म्हणून आता ऑक्सिजनविरहित वेष्टन वापरतात. शिवाय जास्त किरण देऊन साखळ्या एकमेकींना जोडतात आणि मग उष्णता देऊन किंवा ई जीवनसत्त्व मिसळून मोकळी टोकं शांत करतात. जोड फार वाढवले तर झीज कमी होते, पण चिवटपणाही घटतो. खुब्यात ते चालून जातं, गुडघ्यात भार छोट्या जागेवर येतो, तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

भार किती? बर्लिनमध्ये मोजमापयंत्र बसवलेले गुडघे रुग्णांत घालून मोजलं, तेव्हा सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना जवळपास साडेतीन पट भार आढळला. तबकडीची चाचणी याहूनही निष्ठुर आहे. तिची अर्धी बाजू पक्की धरतात, दुसरी अधांतरी ठेवतात आणि त्या बाजूवर ९०० न्यूटनचा भार १ कोटी वेळा देतात. पाच नमुन्यांपैकी एकही तडकता कामा नये. एका बाजूचं हाड खचलं तर तबकडी शरीरात अशीच लोंबकळते, म्हणून ही चाचणी. झीज तपासायला सांधा यंत्रात बसवून वासराच्या रक्तद्रवात ५० लाख पावलं चालवतात. सेकंदाला एक पाऊल धरलं तर यंत्र जवळपास ५८ दिवस अखंड फिरत राहतं.

पुन्हा अवजारांकडे यायला हवं, कारण सांधा एकदा बसतो आणि ठोकळा शेकडो वेळा वापरला जातो. अवजारांचा सेट अनेकदा कंपनीकडून त्या शस्त्रक्रियेपुरताच येतो, धुतला जातो, १३४ अंशांच्या वाफेतून निघतो आणि पुढच्या रुग्णालयात जातो. दर वेळी पातं खाचेच्या कडा थोड्या घासतं. १.४० ची खाच १.६० झाली तरी ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सेटसोबत खाच तपासायची एक साधी मापपट्टी, गो-नोगो गेज, ठेवावी: जाड बाजू आत गेली की ठोकळा बाद. बंद तळाची भोकं टाळावीत, कारण हाडाचा भुसा आणि रक्त त्यांत वाळून बसतं आणि वाफ तिथवर पोचत नाही. खाच एका बाजूने उघडी किंवा ठोकळा दोन भागांत सुटणारा ठेवला तर ब्रश आरपार जातो. भरलेला ट्रे ११ किलोच्या आत ठेवावा. त्याहून जड झाला की आत साठलेलं पाणी वाळत नाही आणि ओला सेट ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत पाठवावा लागतो, रुग्ण टेबलावर घेतलेला असला तरीही.